प्रत्येकीचं हळदीकुंकू

"काकू, अशा मागं काय उभारलाय? या की रांगंत." शेजारच्या सिद्धेश्वरीनं रुद्राणीचा हात धरून ओढला.

साड्यांच्या दुकानात एका साडी कंपनीनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. दारावर मोठा फलक होता. चार हसऱ्या बायका, खाली 'प्रत्येकीचं हळदीकुंकू'. शेंगाचटणी पोचवायला जाता-येता रुद्राणीनं आठवडाभर तो वाचला होता. नवरा गेल्यापासून ती संक्रांतीला शेजारणींच्या घरी तिळाच्या वड्या थापून द्यायची आणि बायका जमायच्या आत मागच्या दारानं निघायची. जा असं कुणी म्हणत नसे. थांबा असंही कुणी म्हणत नसे. प्रत्येकीत आपणही आलो, तिथं कुणी काही विचारणार नाही, असा तिनं अर्थ लावला आणि मनाचा हिय्या करून, कपाळाला नुसती विभूती लावून आली.

"कुणी काय म्हणलं तर?"

"म्हणू दे की. दुकान काय त्यांच्या सासऱ्याचं हाय व्हय?"

रांग सरकली. कंपनीच्या पायल नावाच्या मुलीनं नावही न विचारता हळद लावली, कुंकू लावलं, हातात वाण दिलं. सिद्धरामेश्वरा, एवढंच तर हवं होतं.

सिद्धेश्वरी हौसेनं बोलून गेली, "लई बरं केलासा ताई. ह्यांचे मालक गेल्यापासनं कुणी कुंकू लावलं न्हवतं."

पायलचा चेहरा उजळला. "मावशी, आधी सांगायचं ना! आम्ही तुमच्यासारख्याच शोधतोय. कॅमेरा इकडे घ्या." मग माइकवर, "आणखी कुणी विधवा ताई आहेत का? त्यांची रांग वेगळी करूया."

बायका बाजूला सरल्या. रुद्राणीभोवती मोकळी जागा पडली.

"शूटिंग राहिलं, मावशी. परत लावते. डोळ्यांत पाणी आलं तरी येऊ द्या." पायलनं ओला रुमाल तिच्या कपाळाकडे नेला.

रुद्राणी मागं झाली. "पुसू नगं, बाळ."

"लगेच लावते ना परत."

"एकदा पुसलंय माझं. तवाबी समद्या अशाच बघत हुत्या."

पायलचा हात तसाच राहिला. सिद्धेश्वरी पुटपुटली, "काकू, मी चांगल्यासाठीच..."

रुद्राणीनं वाण हळूच गल्ल्यापाशी ठेवलं. कुंकवाला लागणार नाही अशा बेतानं कपाळावर तळवा आडवा धरला आणि ती दाराशी आली. तिथं चपलांचा ढीग होता. कपाळावरचा हात तिनं काढला नाही. दुसऱ्या हातानं चौकट धरून, ती पायानंच आपली चप्पल चाचपत राहिली.