अडतीस हजार घरं

दुपारी बाळ झोपलं की मी घरं मोजायला बसायचे. संगणकाच्या इतिहासावर एक कोश निघत होता. सुरुवातीचे घरगुती संगणक कोणते आणि किती खपले, याचा तक्ता माझ्याकडे होता. बाळंतपणानंतरचं हे पहिलं काम. संपादकांनी बजावलं होतं, "एक आकडा चुकला तर सगळा तक्ता केरात. मग पुढचं काम विसरा."

शेवटची ओळ उरली होती. टीव्हीला जोडायचं एक पिवळट, बुटकं यंत्र. तीन जुन्या मासिकांत एकच आकडा : अडतीस हजार. त्या आकड्याकडे बघत राहिलं की घरं दिसू लागत. पडदे ओढलेल्या खोल्या, निळसर उजेडात बुडालेलं पोर, आणि त्याचे डोळे बिघडतील म्हणून दारात घुटमळणारी आई. अडतीस हजार आया! त्यांच्यात मला एकटं वाटत नसे. मधेच उठून मी बाळाचा श्वास बघून यायचे.

"अगं, झोपू दे तिला. बघून बघून जागी करशील," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या लॅपटॉपवरच्या फोटोकडे बघून थबकल्या. "हे ध्यान कुठून आणलंस? याला मी खोक्यात भरायचे."

"तुम्ही?"

"लग्नाआधी. कारखान्यात, पॅकिंगला. हे निघालं तेव्हापासून बंद पडेपर्यंत. घरात कोणी विचारलंय का कधी?"

मी आकडा सांगितला. त्या इतक्या हसल्या की बाळ चुळबुळलं.

"अडतीस हजार? अगं, कळफलकावरच्या कळा अडकायच्या त्याच्या. दुकानदार परत पाठवायचे. जरा माहेरपण करायचं, कळा बदलायच्या, जुन्या नंबराचं लेबल खरवडून पुढच्या नंबराचं चिकटवायचं, की निघाली स्वारी!"

मासिकांनी शेवटचा नंबर पाहून तोच खप धरला होता. डोळ्यांपुढच्या खिडक्या एकेक करून विझू लागल्या. तसाच आकडा पाठवला असता तर कोणाला कळलंही नसतं.

"परत आलेली किती असतील, आई?"

त्यांनी डोळे मिटले. बोटं हवेतच लेबल सोलत होती. "दोन टेबलं होती. एक नव्यांचं, एक परत आलेल्यांचं. लेबलांची गुंडाळी दोन्हीकडे बरोबरच संपायची."

म्हणजे निम्मी.

"पण याला कागद?"

"कागद कसला! हे अंगठ्याचं नख बघ. खरवडून खरवडून वाकडं झालंय, ते अजून तसंच आहे."

मी लिहिलं : सुमारे एकोणीस हजार. आधार : पॅकिंग खात्यातील कामगार, माझ्या सासूबाई. डोळे मिटून पाठवून दिलं.

दहाच मिनिटांत फोन. "सासूबाईंच्या शब्दावर कोश छापू?" संपादक गरजले.

"मासिकांनी तर शेवटचं लेबल बघून छापलंय," मी म्हटलं. "सासूबाईंनी ते चिकटवलंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "बाईंना द्या."

सासूबाईंनी हात पुसले, केस सारखे केले आणि फोन घेऊन खिडकीशी गेल्या. कळा, टेबलं, गुंडाळ्या... त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत राहिला. मी बाळाशेजारी आडवी झाले, श्वास रोखून.

बऱ्याच वेळाने त्या आल्या.

"छापतोय म्हणाला, 'सुमारे' लावून. आणखी दोन यंत्रांचं विचारत होता. मी म्हटलं, ते सुनेला सांगा. काम ती करते."