हा वाटा कोणाचा

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, तेव्हा गावाने माझ्यासाठी एकच शब्द राखून ठेवला होता. नशीब. विहिरीवर नशीब, किराणा दुकानात नशीब, लग्नाच्या मांडवात तर विचारूच नका. नागपूरला दुसरं बिऱ्हाड थाटलं ते माझ्या नवऱ्याने. चांगला धडधाकट माणूस, पत्ता सांगता येईल असा. पण त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सगळं नशिबाने केलं होतं आणि नवरा बिचारा मधल्यामध्ये सुटला होता.

मला या शब्दाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मी वडशाच्या एका शाळेत मराठी शिकवते. शब्दाचा राग आला की मी कोश उघडते, जसं कोणी भांडणात समोरच्याचं खानदान काढतं. भाग्य हा शब्द भागावरून आला. भाग म्हणजे हिस्सा. नशीब अरबी मुलखातला, फारसीचं बोट धरून आपल्याकडे आला. त्याचाही मूळ अर्थ हिस्सा, वाटा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोन शब्द, आणि दोघांच्या पोटात एकच गोष्ट! प्रारब्ध म्हणजे आधीच सुरू होऊन गेलेलं, नियती म्हणजे नेमून दिलेलं. त्यांच्यापुढे आपलं काही चालत नाही, मान्य. पण वाटा म्हटला की वाटणारा आला, वाटणीची जागा आली, आणि त्या जागी जाऊन माझा कुठे आहे, असं विचारता येतं. कपाळाला काय विचारणार?

आणि वाटणीची जागा आमच्या गावात होतीच. गावाच्या खालच्या अंगाला बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळं गाव मिळून एका सकाळी मासोळ्या धरतं. कोणी किती धरल्या याला किंमत नाही, सगळ्या एका ढिगात जातात. मग डोमाभाऊ वाटे घालतात. डोमाभाऊ आमचे भुमिया, गावदेवाची पूजा करणारे. वाटे किती घालायचे, तर जितक्या चुली तितके. त्यासाठी प्रत्येक चुलीतला एक विझलेला कोळसा त्या सकाळी डोमाभाऊंच्या पंच्यावर येऊन पडतो. ते कोळसे मोजतात आणि तितकी पळसाची पानं मांडतात.

कोणता वाटा कोणाचा, हे डोमाभाऊसुद्धा ठरवत नाहीत. गावातली एक जुनी बाई वाट्यांकडे पाठ करून बसते. डोमाभाऊ एकेका वाट्याला काठी लावून विचारतात, "हा कोनाचा?" ती न बघता नाव घेते. नाव घेतलं की वाटा त्या चुलीचा. मोठी मरळ कोणाच्या पानात गेली आणि झिंगे कोणाच्या, यावर तोंड वाकडं करायची सोय नाही. आणि ज्या चुलीचं नाव तिथे घेतलं जातं, ती चूल गावाची. पुढे ग्रामसभेत बसायचं, घराला जागा मागायची, जंगलातल्या मोहाच्या झाडांवर हक्क सांगायचा, सगळं त्या नावावर.

गेली कित्येक वर्षं पाठ करून बसणारी ती बाई म्हणजे माझी माय.

मी भावाच्या वाडीच्या टोकाला माझ्या पगारातून एक खोली बांधली होती. तिथे मी एकटी राहायचे, एकटी रांधायचे. पण गावाच्या हिशेबी मी सुनिलदादाच्या चुलीवरची, त्याच्या वाट्यात खाणारी. मला ते नको होतं. मला माझं पान हवं होतं. मी सभेत उठून तसं सांगितलं.

"एकटीची कायची चूल वं?" कोणीतरी मागून म्हणालं.

"डोमाभाऊ," मी विचारलं, "नेमात मानसं मोजतेत का चुली?"

"चुली," डोमाभाऊ म्हणाले. "जिथी रांधते ते चूल. बाप्या का बाई, एक जन का दहा, हे कधी इचारलं नाई."

"मंग माही चूल मोजा."

"मोजतो ना. कोळसा आन." मग ते हसले. "पन तू त गॅसवर रांधते, बाई. गॅसचा कोळसा कुठून आनशीन?"

सगळी सभा हसली. मीही हसले, कारण माणूस बरोबर बोलत होता. चुलीची भाषा करत होते आणि घरात चूलच नव्हती! गावात बहुतेकांकडे सिलिंडर आले आहेत, पण भात अजून चुलीवरच होतो. मीच एक शहाणी निघाले होते.

सुनिलदादा मात्र हसला नाही. घरी येताना माझ्यावर उखडला. "मले काऊन बदनाम करून राह्यली, रंजीता? लोक म्हनतीन, सुनिलनं बहिणीले बाहीर काढलं. तुले काई कमी केलं का मी?"

"नाई केलं."

"मंग?"

"तू देते म्हनून मले भेटते, दादा. तू चांगला हायेस, हे माहं नशीब. उद्या तू बदलला त?"

त्याला ते लागलं. मलाही बोलून वाईट वाटलं, कारण दादा खरंच चांगला आहे. पण खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी बोडीकाठची माती आणली आणि खोलीमागे चूल घालायला बसले. मराठीचे तास घेणं सोपं आहे हो, चूल घालणं नाही. एक बाजू उंच झाली, एक खचली. लाकडं ओली निघाली. धुराने डोळे चुरचुरायला लागले, नाक वाहायला लागलं, आणि भाताचं भांडं तिरकं होऊन निम्मं पाणी राखेत गेलं. मी मोठ्याने शिव्या दिल्या. शाळेत कोणी ऐकल्या असत्या तर नोकरी गेली असती.

माय अंगणातून बघत होती. मी परत आल्यापासून तिचं एकच पालुपद, "पोरीचं नशीब फुटलं." त्यामुळे तिच्याकडून मला काही आशा नव्हती. ती आली, चुलीचा उंच भाग तोडला, ओल्या हाताने नीट केला, लाकडं बाहेर ओढून सुकी काटकी आत सरकवली. जाळ धरला.

"चुलीले दोन बाजूनं सारखं घ्या लागते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "डोमा खरंच इचारत नाई का, किती जन जेवतेत?"

"नाई. चूल इचारते."

"आनं बाई हाये का बाप्या?"

"तेबी नाई."

"हं," माय म्हणाली आणि पदराला हात पुसत निघून गेली. मला विचारायचं होतं की वाटणीच्या दिवशी तू माझं नाव घेशील का. धीर झाला नाही. घरात भावाचं मन एकीकडे, माझं एकीकडे, आणि नाव घेणारी तीच. तिने नाव घेतलं नाही तर माझा कोळसा नुसताच कोळसा. बिननावाचा वाटा तलावात परत जाणार आणि मी दादाच्या पानावर.

वाटणीच्या दिवशी मासोळ्या धरून होईपर्यंत ऊन चांगलंच चढलं. मी माझा कोळसा सगळ्यांच्या देखत डोमाभाऊंपुढे ठेवला. त्यांनी तो बोटांत चुरून पाहिला. "मोहाचं लाकूड," म्हणाले, "चांगलं जळते," आणि पंच्यावर टाकला. बायाबापे येत गेले, कोळसे पडत गेले. डोमाभाऊंनी ढीग मोजला, पानं मांडली, हाताच्या अंदाजाने मासोळ्या घातल्या. गेल्या सालापेक्षा पानं जास्त होती, पण नवी लग्नं झाली की चुली वाढतातच.

माय पाठ करून बसली. तिच्यासमोर नुसता बोडीचा चिखल आणि बगळे.

"हा कोनाचा?"

"लोकेशचा."

"हा कोनाचा?"

"कोलूचा."

नावं चालली. पानं उचलली जाऊ लागली. सुनिलदादाचं नाव आलं, त्याने माझ्याकडे न बघता वाटा टोपलीत ओतला. मी उभी होते. उरलेली पानं पुन्हापुन्हा मोजत होते. भोवतीची पानं कमी कमी होत गेली.

"हा कोनाचा?"

नाव लगेच आलं नाही. डोमाभाऊंनी पुन्हा विचारलं नाही, काठी पानावर टेकवून थांबले.

"रंजीताचा," माय म्हणाली.

सरळ सांगते, मला रडू आलं. मी पान उचललं. एक बरीशी मरळ होती आणि बाकी बारीकसारीक. जगातली सगळ्यात चांगली मासळी होती ती. मी दादाकडे बघितलं. तो तोंड फिरवून उभा होता, पण गमछ्याने डोळे पुसत होता, आणि ते मला दिसू नये एवढीच त्याची धडपड होती.

वाटणी पुढे गेली. दोन पानं, एक पान. शेवटच्या पानाला डोमाभाऊंनी काठी लावली.

"हा कोनाचा?"

गावातली सगळी नावं घेऊन झाली होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणाचं राहिलं?

"मोजन्यात चुकलं असंन, भाऊ," सुनिलदादा म्हणाला.

"कोळसे मोजले मी," डोमाभाऊ म्हणाले. "कोळसा कोनाचा त हायेच. बाई, हा कोनाचा?"

"माहा," माय म्हणाली.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मलाही नाही.

"मागच्या आंगनात चूल घातली मी," माय बोडीकडे तोंड करूनच बोलत होती. "आज तिच्यावर भात रांधला. जेवून आली. कोळसा ठेवला तवा तुमी बाकीच्याइसंग बोलून राह्यले होते."

"माय, तू बी?" दादा कळवळून म्हणाला.

"तुह्या घरी मले काई कमी नाई, बाबू. तुह्यावर राग नाई माहा. पन तुहा बाप गेल्यापासून मी इथी बसून साऱ्या गावाची नावं घेतो. साऱ्याइचे वाटे मीच देतो. मले असं वाटे, बाईले वाटा नसतेच, आपलं नशीबच तसं. अन् हे पोरगी मांगते, त भेटते."

लोकांत कोणी हसलं नाही, कोणी एकटीची चूल म्हणालं नाही. डोमाभाऊंनी काठी पानावरून हलवली नाही.

"वाटा तुहाच हाये, बाई," ते म्हणाले. "पन नेम नेमच. नाव घ्या लागते. नावाबिगर पान उचलता येत नाई."

मायने तोंड उघडलं आणि मिटलं. ते नाव कितीतरी वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. ती सुनिलची माय होती, सुनेची सासू होती, पोरांची आजी होती, आणि मला तर ती नुसती माय. माझ्या ओठांवर तिचं नाव आलं होतं. मी ते गिळलं. ते तिनेच घ्यायचं होतं.

"बुधरीचा," ती पुटपुटली. मग मान ताठ करून, बोडीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुधरीचा!"

आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली, वळली, आणि आपला वाटा उचलायला चालत आली.