तेजलची पुसलेली फाइल

सिन्नरच्या त्या मंगल कार्यालयात सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर मंत्राने रोग बरे करणाऱ्या महाराजांच्या लॅपटॉपमधली अक्षरं दिसत होती: ‘तेजल, वय बारा. फिट येतात. गोळ्या चालू.’

तेजलची आई सुलाबाई आमच्या कॉलेजात साफसफाईला आहे. तिनेच आणलेल्या पेनड्राइव्हवर ही फाइल केली होती.

“रोगाला आधी अक्षरांत बांधायचं!” महाराज गरजले. मंत्र म्हटला, एक बटण दाबलं. अक्षरांचा चुराडा झाला. नुसती वेडीवाकडी चिन्हं. “ही पिशाचलिपी!” पुन्हा मंत्र, पुन्हा बटण, आणि मजकूर जसाच्या तसा. लोकांनी हात जोडले. तिसऱ्या मंत्राला फाइलच नाहीशी झाली.

“रोगाचं नाव मिटलं, माई. आता गोळ्या कशाला?” महाराज सुलाबाईला म्हणाले.

मी शेवटच्या रांगेत हसत उभा होतो. मी मुलांना सी प्रोग्रामिंग शिकवतो. बाहेर आल्यावर एवढंच म्हणालो, “सुलाबाई, गोळ्या बंद करू नका.”

“सर, डोळ्यानं पाह्यलं ना तुम्ही बी?”

लोक ऐकत होते. मी गाडीला किक मारली.

सुलाबाईने गोळ्या थांबवल्या. नवव्या दिवशी तेजलला जिन्यात फिट आली. डोक्याला मार लागला. जीव वाचला, पण उजवा हात उचलता येत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सुलाबाईला घेऊन मी त्याच कार्यालयात, थेट महाराजांच्या मंचावर गेलो. माझा लॅपटॉप पडद्याला जोडला. पुढच्या रांगेतल्या कारभारी आण्णांना म्हणालो, “काहीही लिहा.” त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी मंत्राऐवजी बेचा पाढा म्हटला, बटण दाबलं. चुराडा! पुन्हा पाढा, नाव परत.

“संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे आकडे. त्यांच्यावर ठरलेल्या आकड्याने एक क्रिया केली की अक्षर बिघडतं. तीच क्रिया पुन्हा केली की सुधारतं. बारा-पंधरा ओळींचा प्रोग्राम आहे. आणि फाइल पुसणं? ती एका ओळीची आज्ञा. फाइलींच्या यादीतलं नाव जातं. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर बहुतेक वेळा तसाच राहतो.”

मग सुलाबाईचा पेनड्राइव्ह लावला. हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं: ‘तेजल, वय बारा. फिट येतात. गोळ्या चालू.’

महाराज मागच्या दाराने गेले. दहा-बारा जण त्यांच्या मागे धावले, पाया पडायला.

“साहेबाला सिद्धी नाय, म्हणून आकडे लागत्यात,” कुणीतरी म्हणालं.

सुलाबाई पडद्याकडे बघत होती. “सर, हे तुम्हाला त्या दिवशी बी येत होतं?”

“हो.”

“मग?”



त्या ‘मग?’साठी मी आता भेटेल त्याला सांगतो. कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. चमत्कार दाखवला, तर कसा केला ते विचारा. सांगणारा चिडला तर उठून या. आणि ज्याला ते कसं केलं हे कळतं, त्याने मागे उभं राहून हसू नये. तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलावं.