आधी मेन बंद

मामा-भाचे अंतिम फेरीत सहावे आले. अंतिम फेरीत जोड्या सहाच होत्या. पण हे घडलंच नाही असं समजून पुढे जाऊ, कारण त्या रविवारी सकाळी झिरोलाही ते माहीत नव्हतं आणि तो फार खुशीत होता.

झिरो म्हणजे भाचा. हे नाव मामानेच ठेवलेलं, झिरोच्या बल्बवरून: रात्रभर पेटलेला असतो, उजेड काही पडत नाही. मामा वायरमन. तीस वर्षं लोकांच्या घरी उजेड पाडला आणि तीन महिन्यांपूर्वी एका जिन्यातला दिवा बदलताना शिडीवरून स्वतःच पडला. हाड जुळलं. वॉकर सोडून चाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मामाने मान डोलावली आणि खुर्चीत बसला तो बसलाच. नुसतं पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला शिडी आठवायची. मामी बोलून बोलून थकली. शेवटी ती वॉकरला भाऊजी म्हणायला लागली. चार दिवसांसाठी आले आणि हलायचं नाव घेत नाहीत.

अशात ऑनलाइन कोडी सोडवायच्या स्पर्धेतला झिरोचा जोडीदार ऐनवेळी पळाला. झिरोने त्याच्या जागी मामाचं नाव घातलं आणि मामाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: पहिल्या तिनांत आलो तर वॉकर माळ्यावर जाईल. मामाने जराही घासाघीस केली नाही. तीनशे बारा जोड्या होत्या. हरण्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

पंचाईत अशी झाली की मामाला कोडी सुटायला लागली. भुयार असो, खजिना असो, तो एकच विचारायचा: हे येतं कुठून आणि जातं कुठे? राजवाड्याचा नकाशा त्याने वायरिंगसारखा वाचला आणि शॉर्ट राणीच्या खोलीत आहे असं जाहीर केलं. चोरीला गेलेला मुकुट राणीच्या पलंगाखालीच निघाला. शब्दकोडी मामीने सोडवली. खेळात तिसरा माणूस चालणार नाही असं नियमात होतं, पण स्वयंपाकघरातून येणाऱ्या आवाजाबद्दल नियम गप्प होते.

अंतिम फेरी दुपारी होती. पडद्यावर एक अंधारं घर आलं. त्यातले पाच दिवे लावायचे होते. चार लागले. जोडी तिसऱ्या क्रमांकावर आणि सहा मिनिटं शिल्लक. पाचव्या दिव्याची वायर भिंतीतून तुटून लोंबत होती, टोकाला उघडं तांबं चमचमत होतं. झिरोने माउस त्यावर नेला.

"मेन बंद केलास?" मामाने विचारलं.

झिरो म्हणाला की हा खेळ आहे आणि या घराला मेन नाही. मामा म्हणाला, मेन नसलेलं घर नसतं. झिरोचं आता लक्ष नव्हतं. तो स्वतःशीच पुटपुटला, "उघडी आहे. लावतो हात."

यापुढे मामाच्या डोक्याने काही केलं नाही; जे केलं ते तीस वर्षांच्या सवयीने केलं. मागे खुर्ची करकरली. दाराशेजारच्या बोर्डाकडे पावलं गेली, अकरा, भराभर. खट्. पडदा काळा झाला, पंखा मंदावला, स्वयंपाकघरातला मिक्सर घरघरत थांबला.

झिरो ओरडणार होता. तोंड उघडलंही होतं. पण वळून बघतो तर वॉकर खुर्चीपाशी आणि मामा बोर्डापाशी, मधे अकरा पावलांची मोकळी फरशी.

झिरो दहा वर्षांचा असताना उघड्या बोर्डात बोट घालायला निघाला होता. तेव्हा मामाने त्याचं मनगट धरलं होतं आणि म्हटलं होतं, आधी मेन बंद, मग अक्कल चालू. ज्या दहा बोटांनी तो आजवर खेळत आला, ती दहाच्या दहा जागेवर होती ती त्या एका वाक्यामुळे. दहा बोटांच्या बदल्यात एक अंतिम फेरी. त्याने तोंड मिटलं.

मामाने एकदा हाताखालच्या स्विचकडे पाहिलं, एकदा दूरवरच्या वॉकरकडे. चेहरा पडला.

"आता परत कसा येऊ रे?"

"गेलास तसाच," झिरो म्हणाला.

मामी चटणीचा हात तसाच घेऊन बाहेर आली. नवऱ्याकडे तिने नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. डोळ्यांना पदर लावायला गेली, हाताला मिरची आहे हे वेळेत आठवलं, म्हणून नुसती म्हणाली, "उठलाच आहात तर मोरीतला बल्ब बदला. तीन महिने डोळे मारतोय मला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामाने तो बल्ब आधी मेन बंद आहे ना ते पुन्हा बघून, जमिनीवर दोन्ही पाय ठेवून बदलला.

संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत बाकीच्या पाच जोड्या पाचवा दिवा लावून, एकमेकांचं अभिनंदन करून जेवायलाही गेल्या होत्या.

मामा आता घरभर हिंडतो. पण माणूस नियमाचा. तिसरे आलो नाही, तेव्हा वॉकर माळ्यावर जाणार नाही, असं त्याचं म्हणणं आहे. मामी त्यावर ओले टॉवेल वाळत घालते. म्हणून झिरोने काल आयोजकांना अर्ज पाठवला:

"मा. आयोजक यांस सविनय सादर. अंतिम फेरीतील घरास मेन स्विच नसल्याचे निदर्शनास आले आहे. अशा घरात उघड्या वायरीस हात लावून पाच जोड्यांनी जीव धोक्यात घातला. आमच्या जोडीने घातला नाही. सबब आमचा सहावा क्रमांक तिसरा धरण्यात यावा, तसे लेखी प्रमाणपत्र वॉकरच्या नावे देण्यात यावे, आणि सदर घरास त्वरित मेन बसवून घ्यावा, ही नम्र विनंती. वायरमन आमच्याकडे उपलब्ध आहे. चालत येईल."