कपाटामागची खिडकी

गावात लग्न निघालं की आपला डोळा आधी कशावर जातो, सांगा बरं? शाळेवर, समाजमंदिरावर, नाहीतर वाचनालयावर! सार्वजनिक म्हणजे आपलंच, मग विचारायचं कुणाला?

नरखेडकडच्या मोहदऱ्यातही हेच चालायचं. बाजाराजवळची वाचनालयाची दगडी इमारत म्हणजे गावाचा हक्काचा जानवसा. मुलाकडचं वऱ्हाड तिथंच उतरवायचा रिवाज पडला होता. पक्कं छत आणि वर पंखे दुसरीकडे होते कुठे? लग्नसराईभर बाकं उलटी पडायची, पेपर बंद व्हायचे आणि परीक्षेची मुलं घरच्या उकाड्यात घोकत बसायची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

एकाहत्तरच्या एप्रिलात खुद्द वाचनालयाच्या चिटणीसांच्या, म्हणजे मधुकररावांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही मोठे मानी. जानवशात कमी पडलं तर मांडवातून उठून जाणारा माणूस! त्या धास्तीनं मधुकररावांना अन्न गोड लागेना. शिवाय इमारत त्यांच्या आजोबांनी बांधलेली, दारावरच्या शिळेवर तसं कोरलंच होतं. वऱ्हाड येण्याच्या आदल्या सकाळी त्यांनी वाचत बसलेल्या मुलींना घरी पाठवलं आणि मांडववाल्या नत्थूजींना कामाला लावलं.

थोड्याच वेळात मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका यमुताई तरातरा आल्या.

“काहून हाकललं जी पोरीयले? परवा परीक्षा आहे त्यायची!”

“चार दिवसाचा तं प्रश्न आहे, ताई. वऱ्हाड काय मी उन्हात ठेवू?”

एवढ्यात नत्थूजींनी भिंतीजवळचं मोठं कपाट सरकवलं आणि मागून एक खिडकी निघाली. मधुकरराव याच गावचे, पण उमेदीची वर्षं शिक्षण-नोकरीपायी पुण्यात गेलेली; ही खिडकी त्यांच्या लक्षातही नव्हती. सागाच्या चौकटीच्या खालच्या लाकडावर दोन खोलगट खळगे होते, झिजून अगदी गुळगुळीत झालेले.

“हे काय गा? उंदरानं कुरतडलं का?” नत्थूजी म्हणाले.

यमुताईंनी त्या खळग्यांवरून हळूच हात फिरवला.

“उंदीर नाही, नत्थूजी. हे माह्या बापाचे कोपरं आहेत. त्याच्यासारख्या कितीक जणायचे.”

मधुकररावांना काही उमजेना. यमुताई सांगू लागल्या, “तुमच्या आजोबानं जागा दिली, खरं आहे. पण दगड वाहिले ते आमच्या मोहल्ल्यानं. माहा बाप धोंडबा त्यातलाच. इमारत उभी झाली अन् त्यायलेच आत यायची बंदी! मग दिवसभराचं काम आटपून बाप बाहेरून या खिडकीवर कोपरं टेकून उभा राहे. खिडकीखाली टेबल होतं. आतला माणूस पेपर वाचे, अन् बाप समोरून पाहे.”

“म्हणजे उलटा?”

“उलटाच! अक्षरं शिकला तो याच खिडकीत, उलटीच शिकला. मरेपर्यंत त्याले पेपर उलटा धरूनच भरभर वाचता ये. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली अन् वापस आल्यावर सरळ दारातून आत आला. अडवायले दोघं उठले. बाप म्हणाला, हे दगड म्या वाहिले, दार कुठं आहे ते मले माहीत आहे! त्या दिवसापासून खिडकीत कोणाले उभं राहा लागलं नाही. म्हणून तिच्यापुढं कपाट आलं.”

नत्थूजींनी गंजलेली कडी ठोकून खिडकी उघडली, तसे मधुकरराव वळसा घालून बाहेर गेले. एप्रिलचं ऊन पाठीवर घेत त्यांनी कोपर त्या खळग्यांत टेकले. कोपर अलगद बसले. आत खिडकीजवळच्या टेबलावर कालचा पेपर पडला होता, त्यांच्या बाजूनं उलटा. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. पुण्याची पदवी घेतलेला हा माणूस एका मथळ्यावर अडखळत राहिला! केवढी ती भूक असेल, केवढी जिद्द! आजोबांच्या नावाची शिळा ते रोज पाहत आले होते, पण ही इमारत आज त्यांना पहिल्यांदा दिसली.

“मधुकरराव,” आतून यमुताई म्हणाल्या, “तेव्हा एका मोहल्ल्याले बाहेर ठेवत होते. आता दरसाल आपण साऱ्या गावाच्या लेकरायले बाहेर ठेवून राहिलो. फरक इतकाच, का आता खिडकीही नाही!”

“नत्थूजी!” मधुकरराव बाहेरूनच ओरडले. “बाकं सरळ करा! पोरीयले बोलवा! वऱ्हाड माह्या घरी उतरेल. आमी घरामागच्या बागेतल्या मांडवात राहू.”

दुसऱ्या दिवशी व्याही आले ते फुरंगटूनच. “जानवसा कुठं आहे? पंखे कुठं आहेत?” मधुकररावांनी वाद घातला नाही. हात धरून त्यांना खिडकीपाशी नेलं आणि धोंडबांची गोष्ट सांगितली. आत मुली मान खाली घालून वाचत होत्या. मांडवातून उठून जाणाऱ्या त्या मानी माणसानं पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि दोन्ही कोपर त्या खळग्यांत टेकले.

ते कपाट पुन्हा खिडकीपुढे गेलं नाही, आणि वाचनालयात वऱ्हाडही उतरलं नाही. मंडळी, आपल्याही गावात अशी एखादी इमारत असेल. तिच्यावर नाव कुणाचंही कोरलेलं असो, ती तिथे शिकायला येणाऱ्यांची असते. आपल्या सोयीसाठी तिचं दार लावण्याआधी एकदा बाहेर जाऊन उभे राहा. तिथून पेपर कसा दिसतो, ते तरी बघा!