हरलेल्यांनी आधी खायचं

"हिला माझ्यापेक्षा जास्त तेल लागतं. माझे गुडघे कुरकुरतात, त्यांना कुणी थेंबभर चोळत नाही. आणि ही बया बघा! रविवार आला की हिची मालिश!"

नोएलीनची ही कुरकुर मी दर रविवारी अगदी जवळून ऐकते, कारण ती बोलत असते तेव्हा तिचा तेलकट तळवा माझ्या पोटातून फिरत असतो.

मित्रांनो, ती बया म्हणजे मी. मी एक जुनी काठवट आहे. तुमच्याकडे काठवटीत भाकरीचं पीठ मळायचं, माझ्यात मात्र पाच देशांनी जेवायचं. दुसरीकडे फुटबॉलची स्पर्धा जिंकली की चांदीचा पेला मिळतो. आमच्या पाच शेजारी देशांच्या स्पर्धेत मी मिळायचे.

'मिळायचे' असं मी तुम्हालाच सांगते आहे. या घरात तसं म्हणत नाहीत. इथे 'मिळते' म्हणायचं असतं.

माझा जन्म आमच्या बेटांवरच्या मारोवो खाडीकाठचा. तिथले लोक लाकडात हात घालतात तो बायका पिठात घालतात तसा, न बघता. लेमेक नावाच्या कारागिराने मला रॉकेल-झाडाच्या बुंध्यातून कोरून काढलं. ओलं असलं तरी भुरूभुरू पेटतं म्हणून त्या झाडाला हे नाव. म्हणजे चुलीत जायची ती मी चषक झाले. लेमेकने माझ्या दोन्ही टोकांना लांब चोचीचे समुद्रपक्षी कोरले आणि काठावर शिंपल्याची पाच फुलं जडवली, एकेका देशासाठी एकेक. मला न्यायला आमच्या राजधानीहून, होनियाराहून माणसं आली तेव्हा तो म्हणाला, "हिला शोभेला ठेवू नका. वरून तेल लावाच, पण हिच्यात गरम गरम खायला वाढा. नारळाचं दूध पीत राहिली तर ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल. रिकामी राहिली तर फुटेल."

"अंतिम सामन्याला तू ये ना," ती माणसं म्हणाली.

"कधी आहे?"

"शनिवारी."

लेमेक नुसता हसला. मारोवोत शनिवार देवाचा. त्या दिवशी छिन्नीही झोपते. अंतिम सामना दर वेळी शनिवारीच असायचा. त्यामुळे माझ्या बापाने मला उंच उचललेलं कधी पाहिलं नाही.

पहिल्याच वेळी एक घोळ झाला. यजमान जिंकले आणि आनंदाच्या भरात माझ्यातल्या कंद-नारळाच्या पुडिंगमध्ये त्यांनीच आधी हात घातला. पाहुणे उठून बसमध्ये जाऊन बसले. आमच्या बेटांवर हरल्याचा राग विसरता येतो, जेवणाच्या अपमानाचा नाही. मग पाचही देशांच्या वडीलधाऱ्यांनी बसून नियम केला. हरलेल्यांनी आधी खायचं, जिंकलेल्यांनी शेवटी. माझ्यात पहिला हात पडायचा तो परमुलखाच्या माणसाचाच. मला जिंकून घरची करणाऱ्यांनी तोवर नुसतं बघायचं.

काय दिवस होते ते! चटईत गुंडाळून, कुणाच्या तरी मांडीवर बसून मी विमानाने फिरले. फिजीत लोकांनी माझ्यापुढे मांडी घालून गाणी म्हटली. फ्रेंच वळणाच्या नूमेआत एकाने माझ्यात काटा-चमचा घातला. अजून आठवलं की अंगावर शहारा येतो. पण प्रत्येक ठिकाणी शेवटी हात यायचे. चिखलाने माखलेले, घाईघाईत धुतलेले, एकमेकांना ढकलणारे हात. दुपारभर ज्यांनी एकमेकांच्या नडग्या फोडल्या, ते माझ्या काठावर बोटं चाटत बसायचे. मित्रांनो, काठवटीला यापलीकडे काय हवं असतं?

शेवटचा अंतिम सामना होनियारात, टेकडीखालच्या मैदानावर झाला. टेकडी माणसांनी काळी झाली होती. आमचा कप्तान एल्डाड, वानुआतूचा कप्तान त्यांचा गोलरक्षक कालोरिप. सामना संपता संपता एल्डाडने मारलेला चेंडू कालोरिपच्या ओल्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. टेकडी हलली. कालोरिप गुडघ्यांवर बसून राहिला.

नियमाप्रमाणे पहिला हात त्याचाच पडला. एक घास खाऊन तो म्हणाला, "पुडिंग अळणी आहे. पुढच्या वेळी आमच्या पोर्ट विलाला ये, आमच्या बायका दाखवतील कसं करतात ते."

"येतो की," एल्डाड म्हणाला. "येताना हिला घेऊन येतो, जाताना घेऊन जातो."

"जाताना रिकाम्या हाताने जाशील, सुपारीखाऊ! दात बघ तुझे, मैदानावर खून पडल्यासारखे."

"आणि तू तो मातीचं पाणी पिणारा! त्या कावा-मुळीच्या झिंगेत चेंडू दिसला नाही वाटतं?"

दोघं हसले. मग कालोरिप हळू आवाजात म्हणाला, "खरंच आण हं हिला. धडधाकट आण. मला ती तुझ्या हातून घ्यायची आहे."

"माझा शब्द," एल्डाडने सांगितलं.

फुटबॉल कचेरीचं छप्पर गळत होतं म्हणून एल्डाडने मला घरी आणलं आणि रेडिओशेजारी, तांदळाच्या पोत्यावरच्या फळीवर ठेवलं. पुढच्या स्पर्धेपर्यंत. त्याची बायको नोएलीन तेल लावायची आणि तो जवळ बसून, "काठ राहिला, काठ राहिला," करायचा.

पुढची स्पर्धा पुढे ढकलली गेली. विलावर चक्रीवादळ आलं, मैदान खारं झालं. नंतर विमानाचं भाडं परवडेना. मग मोठ्या, दूरच्या स्पर्धा आल्या आणि चांगली पोरं तिकडे गेली. एल्डाड कचेरीत जाऊन विचारायचा. तिथे त्याला खुर्ची देत, चहा-बिस्किट देत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी, कप्तान." कुणी 'नाही' म्हणालं नाही. म्हातारं माणूस, कप्तान, कोण म्हणणार? शेजारीही म्हणत, "पुढच्या वर्षी." चर्चमध्ये हात मिळवताना पाद्रीसुद्धा तेच म्हणत. बघता बघता ते गुड मॉर्निंगसारखं झालं.

माझ्या वाट्याला फळी आली. रस्त्यापलीकडे लग्न झालं, पुडिंगसाठी मोठी काठवट हवी होती. नोएलीनने एल्डाडकडे पाहिलं. "ती पाहुण्यांची आहे," तो म्हणाला. लग्नाचं पुडिंग प्लास्टिकच्या टबात गेलं. या घरात दर रविवारी तापल्या दगडांवर कसाव्याचा कंद भाजला जातो, वर नारळाचं दाट दूध ओततात. तो वास माझ्यापर्यंत येतो आणि पदार्थ केळीच्या पानावर जातो. एकदा एका कोंबडीने माझ्यात अंडं घातलं. खरं सांगते मित्रांनो, ते ऊबदार अंडं पोटात होतं तेवढा वेळ मला फार बरं वाटलं. एल्डाडने कोंबडीला हाकललं आणि मला पुसून काढलं.

लाकूड आतून वाळत गेलं. आधी शिंपल्याचं एक फूल गळून पडलं. नोएलीनने ते काड्यापेटीत जपून ठेवलं. मग डाव्या पक्ष्याच्या मानेपाशी बारीक चीर पडली. एल्डाडने ती पाहिली. त्या दिवशी तो सुपारी खायची विसरला.

"धडधाकट आण म्हणाला होता," एवढंच तो बोलला.

"आणखी तेल लावते," नोएलीन म्हणाली.

त्यानंतर तेल वाढलं. चीरही वाढली.

आणि एका रविवारी दुपारी पायऱ्यांवर कुणीतरी ओरडलं, "सुपारीखाऊ आहे का घरात?"

कालोरिप होता. चर्चच्या बैठकीसाठी होनियारात आला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, हात मात्र तेच, मोठे. एल्डाडला उठायला वेळ लागला. दोघं एकमेकांना धरून उभे राहिले, मग लगेच भांडायला लागले.

"तो चेंडू ओला होता!"

"सगळ्यांसाठीच ओला होता!"

"तुझ्या मैदानात पाणीच फार!"

नोएलीन दगडांवरून पुडिंग उतरवत होती. केळीची पानं मांडलेली होती. तिने पानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फळीवरून मला उतरवलं आणि सगळं पुडिंग माझ्यात ओतलं, वरून दूधही.

"अगं, काय केलंस हे!" एल्डाडचा आवाज फाटला. "अंतिम सामन्याआधी..."

"म्हाताऱ्या, पाहुणा परमुलखाचा आहे की नाही?"

"आहे, पण..."

"हरलेला आहे की नाही?"

"तो तर आहेच," कालोरिप म्हणाला आणि खो खो हसला. एल्डाड हसला नाही. मग कालोरिपचंही हसू थांबलं.

मित्रांनो, ती ऊब मी कशी सांगू? दूध माझ्या चिरेत उतरत होतं आणि लाकूड तहानलेल्या गुरासारखं ते ओढून घेत होतं. तुमच्याही घरी काहीतरी असेल, खास दिवसासाठी ठेवून दिलेलं. बशा असतील, शाल असेल, एखादं माणूसही असेल. त्याला नुसतं पुसत बसू नका. त्याला वापरा, त्याच्यात गरम काहीतरी वाढा. नुसत्या जपण्यानेही वस्तू वाळते. हे मला फळीवर कळलं.

पण माझ्यात अजून हात पडला नव्हता. पहिला हात कालोरिपचा, आणि तो माझ्या काठावर थांबला होता. त्याच्या अंगठ्याला चीर लागली. त्याने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली.

"मी जपली रे," एल्डाड घाईने म्हणाला. "दर रविवारी तेल लावलं. ही चीर भरून घेतो, मारोवोला कुणीतरी असेलच. पुढच्या वर्षी विलाला आणीन तेव्हा बघ, नवी दिसेल. पुढच्या वर्षी तर नक्की, कचेरीतले म्हणाले..."

नोएलीन हातातल्या पानाकडे बघत राहिली. बाहेर कुणाची तरी पोरं नारळाला लाथ मारत खेळत होती.

कालोरिपने दुसरा हात एल्डाडच्या मनगटावर ठेवला.

"भाऊ, तू शब्द पाळलास. ही मला तुझ्या हातून मिळाली," तो म्हणाला. "ती स्पर्धा आता होणार नाही. कधीच होणार नाही. चल, गरम आहे तोवर खाऊ."