लाल फितींच्या पाच पिना

"एक, दोन, तीन, चार, पाच," नोरीननं वरून मोठ्यानं मोजलं. खाली ओरेस्टनं पाचही पिना लाल फितींसकट उंच धरल्या होत्या. या पिना काढल्या की वैमानिकाची खुर्ची संकटात बाहेर उडायला मोकळी होते. म्हणून उड्डाणाआधी खालचा माणूस त्या दाखवतो आणि आतला मोजतो.

नऊ वर्षं खपून दोघांनी वायुदलानं भंगारात काढलेलं हे जेट उभं केलं होतं. नोरीन एरवी शेतांवर फवारणीचं विमान चालवते. ओरेस्ट हावरिलकनं उमेदीची सगळी वर्षं वायुदलात याच जातीची विमानं दुरुस्त केली. आणि मी हँगरात कॉफी करतो आणि थापा मारतो. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानात वारा असा, की माझी उडालेली टोपी दोन वर्षं झाली, अजून उतरायला जागा शोधतेय.

तर पिना मोजून झाल्या. ओरेस्टनं सवयीनं हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं आणि हात खाली केला.

"इंजिन चालू करू नकोस. उतर."

"आता काय झालं?"

"छोटी टॉर्च नाहीये."

पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खोबण होती. टॉर्चची रिकामी होती.

"बोटभर टॉर्च ती, म्हाताऱ्या! गावातून दुसरी आणते."

"इंजिनात राहिली असली तर तू परत यायची नाहीस. उतर म्हणतो ना!"

दोन दिवस शोध चालला. शेपूट उतरवली, इंजिन बाहेर ओढलं, आरसा घालून कोपरान्‌कोपरा पाहिला. ओरेस्टनं घास घेतला नाही. मला हळूच म्हणाला, "इंजिनाचं झाकण लावताना ती माझ्या हातात होती, आर्ची. त्याच्या पुढचं सगळं पुसल्यासारखं झालंय."

तिसऱ्या दिवशी त्याला काहीतरी खाऊ घालावं म्हणून मी त्याच्या घरी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या त्याच्या करंज्या, आणायला गेलो. बायको गेल्यापासून तो एकदम शंभरेक करून फ्रीझरमध्ये ठेवतो. पिशव्यांखाली, हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली टॉर्च होती.

फ्रीझरचं झाकण धरून मी तसाच उभा राहिलो. विमानात काही दोष नव्हता, हे मला कळलं. आणि दुसरंही कळलं. मग मला जे येतं तेच मी केलं.

"सापडली!" हँगरात शिरतानाच ओरडलो. "माझ्याच ट्रकमध्ये होती. परवा मीच उचलली होती. घाला शिव्या!"

नोरीननं पोटभर घातल्या. "तुला ना, इंजिनाच्या मागे बांधून भाजायला हवं!" म्हणाली आणि हसत सुटली.

ओरेस्टनं हात पुढे केला. टॉर्च तळव्यावर घेतली, काचेवरून अंगठा फिरवला. काचेवर अजून पांढरा थर होता.

"जुलैत तुझ्या ट्रकमध्ये बर्फ पडतो?"

"पडतो की! गेल्या वर्षी तर फावडं घेऊन—"

"आर्ची. माझ्या फ्रीझरमध्ये होती ना?"

मी मान डोलावली. अर्ध्यात सोडलेली माझी ती पहिलीच थाप.

नोरीनचं हसू विरलं. "मग काय झालं? विमानात तर नव्हती! सगळं परत जोड, सही कर, मी उडते. दुसऱ्या कोणाच्या सहीवर मी त्या खुर्चीत बसणार नाही."

"तिथे ठेवल्याचं मला आठवत नाही, पोरी. मग तुझ्या इंजिनात काय राहिलंय ते कुठून आठवणार?"

त्यानं टॉर्च खोबणीत बसवली, पेटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि पेरोगी उकळायला पाणी चढवलं.

ऑगस्टच्या अखेरीस विमान पुन्हा धावपट्टीपाशी आलं. यॉर्कटनहून आलेल्या नव्या मेकॅनिक बाईनं सगळं जोडून सही केली होती. ओरेस्ट माझ्याबरोबर कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीवर बसला होता. आत चल म्हणून नोरीननं केलेली विनवणी त्यानं ऐकली नव्हती.

बाईनं पिना उंच धरल्या. नोरीननं मोजल्या. मग मान वळवून तिनं कुंपणाकडे पाहिलं आणि तशीच पाहत राहिली.

ओरेस्ट उठला. मूठ वर केली. एक बोट उघडलं. दोन. तीन. चार. तिथे थांबला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

पाचवं उघडायला त्याला किती वेळ लागला, ते मी सांगत नाही. माझ्या तोंडून वाढवून सांगितल्यासारखं वाटेल. पण तोवर विमान जागचं हललं नाही.